सममितीची साक्ष : व्यस्त आयगेनमूल्य प्रश्नांची प्रस्तावना

मॅट्रिक्स हाती दिली की तिची आयगेनमूल्ये काढायची, हा गणित, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा पदवीच्या वर्गातला नेहमीचा सराव. निश्चयक मांडायचा, बहुपदी मिळवायची, तिची मुळे शोधायची. मॅट्रिक्स मोठी असेल तर हे काम संगणकावर सोपवायचे. हाच प्रश्न उलटा केला की त्याचे रूप पालटते. आता आयगेनमूल्ये ठरलेली आहेत आणि मॅट्रिक्स शोधायची आहे. यालाच व्यस्त आयगेनमूल्य प्रश्न म्हणतात. पुलाची, यंत्राच्या सांगाड्याची किंवा ताणलेल्या तारेची कंपने बाहेरून मोजता येतात. आतली घडण मात्र वस्तू न फोडता ओळखायची असते. अशा वेळी मोजलेल्या वारंवारतांचे वर्ग ही आयगेनमूल्ये असतात आणि वस्तूची घडण ही मॅट्रिक्स. पुढील पानांत या प्रश्नांपैकी एका खास कुळाचा अभ्यास आहे : जिथे शोधायची मॅट्रिक्स कुठल्या तरी विशेष सममितीने बांधलेली आहे. सममिती हा मॅट्रिक्सचा शोभेचा गुण नसून ती प्रत्यक्ष माहिती आहे, मोजमापात जे मिळत नाही त्याची भरपाई करणारी, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. मात्र ही भरपाई फुकट मिळत नाही. सममिती काय देते, त्याबदल्यात काय घेते आणि ती मुळात कुठून आली, या तिन्हींचा हिशेब मांडल्याशिवाय या विषयातले कोणतेही उत्तर पुरे होत नाही.

आधी साधी मोजदाद करू. दहा ओळी आणि दहा स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये १०० संख्या असतात, आयगेनमूल्ये मात्र १०. शंभर अज्ञातांवर दहाच अटी असतील तर उत्तरांचा पूर येणारच. कर्णावर ती दहा मूल्ये लिहून बाकी सगळीकडे शून्ये भरली तरी प्रश्न सुटल्यासारखा दिसतो, पण ते उत्तर कुणाच्या उपयोगाचे नाही, कारण अशा रचनेत एका भागाचा दुसऱ्याशी काही संबंधच उरत नाही. प्रश्नात जीव येतो तो ‘अमुक घडणीचीच मॅट्रिक्स हवी’ अशी अट घातल्यावर. मुख्य कर्णाच्या दोन्ही बाजू एकमेकींचे प्रतिबिंब असाव्यात, म्हणजे मॅट्रिक्स सममित असावी, एवढे म्हटले की अज्ञाते १०० वरून ५५ वर येतात. स्प्रिंगने जोडलेल्या दोन वस्तू एकमेकींना सारख्याच जोराने ओढतात, म्हणून कंपनांच्या अभ्यासात ही सममिती आपोआप मिळते. वस्तू एका रांगेत असतील आणि प्रत्येकीचा संबंध फक्त शेजारणीशी असेल, तर कर्ण आणि त्याला लागून असलेल्या तिरप्या ओळी सोडून सगळीकडे शून्ये येतात. अशा मॅट्रिक्सला याकोबी मॅट्रिक्स म्हणतात आणि तिच्यात १९ अज्ञाते उरतात. शेवटी ही रांग डावीकडून पाहिली काय किंवा उजवीकडून, सारखीच दिसते असे ठरवले, म्हणजे मॅट्रिक्स दुसऱ्या कर्णाभोवतीही सममित मानली, की अज्ञाते बरोबर १० राहतात. दहा अटी, दहा अज्ञाते. एकही जादा मोजमाप न घेता आपण १९ वरून १० वर आलो. नऊ मोजमापांचे काम एका आरशाने केले.

हे सूत्ररूपात न ठेवता जवळून पाहू. दोन बाय दोनची सममित मॅट्रिक्स हवी आहे आणि तिची आयगेनमूल्ये १ आणि ३ असावीत. म्हणजे कर्णावरच्या दोन संख्यांची बेरीज ४ आणि निश्चयक ३. आता कर्णावरची पहिली संख्या १ आणि ३ यांच्या दरम्यान कोणतीही घ्या. समजा १.५ घेतली, तर दुसरी २.५ होते आणि कर्णाबाहेरच्या संख्येचा वर्ग ०.७५ येतो. पहिली १.२ घेतली तर दुसरी २.८ आणि तो वर्ग ०.३६. अशी अगणित उत्तरे निघतात आणि त्या सगळ्यांची आयगेनमूल्ये तीच, १ आणि ३. नुसत्या आयगेनमूल्यांवरून यांतली खरी कोणती हे सांगण्याचा कोणताही मार्ग नाही. पण कर्णावरच्या दोन्ही संख्या सारख्या आहेत, एवढे एकच वाक्य जोडा. बेरीज ४, म्हणून दोन्ही २. मग कर्णाबाहेरच्या संख्येचा वर्ग १. चिन्हाचा प्रश्न सोडला तर उत्तर एकच उरते, आणि स्प्रिंगच्या रचनेत ही संख्या ऋणच असते, त्यामुळे चिन्हही ठरून जाते.

तीन गोळ्यांच्या रांगेत हेच अधिक खुलते. गोळे सारख्या, एकक वस्तुमानाचे आहेत, आणि रांग डावी-उजवीकडून सारखी आहे. आरशामुळे कंपनांचे दोनच प्रकार संभवतात : टोकाचे दोन्ही गोळे एका वेळी एकाच दिशेला जातात, किंवा ते विरुद्ध दिशांना जातात आणि मधला गोळा जागचा हलत नाही. या दुसऱ्या प्रकारात मधला गोळा नसल्यासारखाच असतो, म्हणून त्या कंपनाचे आयगेनमूल्य म्हणजे कर्णावरची टोकाची संख्याच. आणि ते नेहमी तिन्हींतले मधले असते, हे थोड्या बीजगणिताने सिद्ध होते. तेव्हा रीत अशी : मधले आयगेनमूल्य कर्णाच्या दोन्ही टोकांना लिहा, तिन्ही आयगेनमूल्यांच्या बेरजेतून ती दोन टोके वजा करून कर्णाच्या मध्यावर लिहा, आणि मधल्या आयगेनमूल्याचे दोन्ही बाजूंना जे अंतर आहे त्या दोन अंतरांचा गुणाकार निम्मा केला की कर्णाबाहेरच्या संख्येचा वर्ग मिळतो. मोजलेली मूल्ये १, २ आणि ४ असतील तर टोकांना २, मध्यावर ३, आणि वर्ग १. मॅट्रिक्सच्या ओळी झाल्या : २, −१, ०, मग −१, ३, −१, मग ०, −१, २. प्रत्येक ओळीची बेरीज १ येते. याचा अर्थ प्रत्येक गोळा एकक ताठपणाच्या स्प्रिंगने जमिनीला बांधलेला आहे आणि शेजारच्या गोळ्यालाही तशाच स्प्रिंगने जोडलेला आहे. तीन आकडे ऐकून पाच स्प्रिंगांची रचना कळली. हे आकड्यांचे सामर्थ्य नाही. आकड्यांसोबत आलेल्या आरशाचे आहे.

गणिताच्या इतिहासात हीच गोष्ट आधी अखंड तारेच्या बाबतीत उमगली, मग मॅट्रिक्सच्या. स्वीडिश गणिती गोरान बोर्ग यांनी १९४६ साली दाखवून दिले की स्टुर्म-ल्यूव्हिल प्रकारच्या समीकरणातले अज्ञात फलन ओळखायला साधारणपणे एक वर्णपट, म्हणजे सगळ्या आयगेनमूल्यांची एक यादी, पुरत नाही. एका टोकाची बांधणी बदलून दुसरा वर्णपटही मोजावा लागतो. पण ते फलन मध्याभोवती सममित असेल तर एकाच वर्णपटावर भागते. याकोबी मॅट्रिक्ससाठी याचे जुळे रूप हॅरी होख्श्टाट यांनी १९६७ पासूनच्या आपल्या लेखांत मांडले, ओले हाल्ड यांनी १९७६ मध्ये ते अधिक पक्के केले, आणि १९७८ साली कार्ल द बोर व जीन गोलब यांनी संगणकाला पेलेल अशी स्थिर रीत दिली. कोणत्याही परस्परभिन्न वास्तव संख्या घ्या : त्या आयगेनमूल्ये असलेली, दोन्ही कर्णांभोवती सममित आणि कर्णालगत आधी ठरवलेल्या एकाच चिन्हाच्या संख्या असलेली याकोबी मॅट्रिक्स असतेच आणि एकच असते. अस्तित्व आणि एकमेवत्व ही दोन्ही एका वाक्यात मिळावीत, असे या विषयात क्वचित घडते. बोर्ग यांना दुसऱ्या वर्णपटातून जे मिळवावे लागले, ते इथे सममितीने दिले, हे ध्यानात ठेवावे.

ढोलाच्या प्रश्नाची कहाणीही याच दिशेने जाते. ढोलाचा आकार ऐकून ओळखता येईल का, असा प्रश्न मार्क काट्स यांनी १९६६ साली आपल्या गाजलेल्या लेखाच्या शीर्षकातच विचारला होता. १९९२ मध्ये कॅरोलिन गॉर्डन, डेव्हिड वेब आणि स्कॉट वोल्पर्ट यांनी वेगवेगळ्या आकारांचे पण हुबेहूब सारख्या वारंवारतांचे दोन बहुकोनी ढोल दाखवून नकारार्थी उत्तर दिले. पुष्कळांना वाटते की हा विषय तिथेच संपला. तसे नाही. स्टीव्ह झेल्डिच यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात सिद्ध केले की ढोलाची कड पुरेशी गुळगुळीत, म्हणजे वैश्लेषिक असेल, ढोलाला एक आरसा-सममिती असेल आणि आणखी काही माफक अटी पाळल्या असतील, तर अशा ढोलांच्या कुळात आकार ऐकून ओळखता येतो. तीन गोळ्यांच्या रांगेत जे काम आरशाने केले, तेच अनंत मितींतल्या या अवघड प्रश्नात आरशाने केले. १९९२ च्या उदाहरणाने आणि २००९ च्या प्रमेयाने मिळून सांगितले ते इतकेच : नुसता आवाज पुरत नाही, आवाजासोबत सममिती असेल तर पुष्कळदा पुरतो.

आता दुसरी बाजू. सममिती देते तशी घेतेही. पुन्हा १, २, ४ ही मूल्ये घ्या आणि या वेळी तीन गोळे रांगेत न ठेवता वर्तुळात ठेवा. कोणत्याही गोळ्यापासून मोजायला सुरुवात केली तरी रचना तीच दिसावी, अशी अट घाला. मग मॅट्रिक्सच्या कर्णावर एकच संख्या येते आणि कर्णाबाहेरही एकच. अशा मॅट्रिक्सच्या तीन आयगेनमूल्यांपैकी दोन नेहमी समान असतात, कारण वर्तुळात डावी आणि उजवी असा भेद नसल्यामुळे कंपने जोडीने येतात. म्हणजे १, २, ४ ही मूल्ये असलेली अशी मॅट्रिक्स अस्तित्वातच नाही. रांगेतल्या आरशाने अगणित उत्तरांतून एक निवडून दिले. वर्तुळाच्या सममितीने उत्तरच नाकारले. सममिती जितकी अधिक, तितकी अज्ञाते कमी, पण तितकेच कोणता वर्णपट शक्य आहे यावरचे बंधनही कडक. अमुक सममितीची मॅट्रिक्स शोधा असे म्हणण्याआधी, अमुक सममितीला हे वर्णपट परवडतात का, हे विचारणे भाग आहे.

ही देवाणघेवाण आपल्या वाद्यपरंपरेत कानांनी आणि हातांनी साधली गेली आहे. साध्या, एकसारख्या जाडीच्या गोल पडद्याच्या वारंवारता मूळ वारंवारतेच्या सुमारे १.५९, २.१४, २.३० अशा पटींत येतात. त्या पूर्णांकी नसल्यामुळे अशा पडद्यातून स्वर नीट उमटत नाही, नुसता धप्प आवाज ऐकू येतो. तबल्याच्या पुडीवर मध्यभागी शाईचे थर चढवले की हे बदलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये आणि नंतर १९३४ मध्ये सविस्तर लेखात दाखवले की शाई चढवलेल्या पुडीची पहिली नऊ कंपनरूपे एक, दोन, तीन, चार, पाच अशा पाचच पूर्णांकी पटींवर येऊन बसतात. गणिताच्या भाषेत हा व्यस्त प्रश्नच आहे : हवा तो वर्णपट आधी ठरला आहे आणि पुडीवर वजन कसे पसरायचे ते शोधायचे आहे. तबल्याची शाई मधोमध आणि गोल असते, त्यामुळे वर्तुळाची सममिती टिकते आणि जोडीने येणारी कंपने जोडीनेच राहतात. डग्ग्याची शाई एका बाजूला असते. तिथे वर्तुळ मोडले, फक्त एक आरसा उरला, आणि वर्णपटाचे बंधनही सैल झाले. तबलजी हातोडीने एकेक घर ठोकत सोळाही घरांवर स्वर एकसारखा आणतो, तेव्हा तो पुडीची वर्तुळ-सममिती पुन्हा जागेवर आणत असतो. ताण असमान राहिला तर जोडीच्या कंपनांच्या वारंवारता एकमेकींपासून फुटतात आणि स्वर डळमळतो.

अज्ञाते आणि अटी यांची संख्या जुळली म्हणजे प्रश्न सुटला, असा समज इथपर्यंतच्या मांडणीतून होऊ शकेल. तो दूर करायला टोप्लिट्झ मॅट्रिक्सचे उदाहरण पुरे आहे. या मॅट्रिक्समध्ये मुख्य कर्णाला समांतर अशा प्रत्येक तिरप्या ओळीत एकच संख्या पुन्हापुन्हा येते. काळाच्या ओघात ज्या संकेताचा स्वभाव बदलत नाही, त्याच्या अभ्यासात ती हमखास भेटते. सममित टोप्लिट्झ मॅट्रिक्सला पहिली ओळ पुरते, म्हणून जितकी आयगेनमूल्ये तितकीच अज्ञाते. तरीही दिलेल्या कोणत्याही वास्तव आयगेनमूल्यांसाठी अशी मॅट्रिक्स असतेच, हे सर्वसाधारण रूपात सिद्ध व्हायला हेन्री लँडाऊ यांच्या १९९४ च्या लेखापर्यंत थांबावे लागले, आणि त्यांची सिद्धता संस्थितीशास्त्राच्या आधाराने अस्तित्व दाखवते, मॅट्रिक्स हातात ठेवत नाही. शिवाय एकमेवत्व इथे नाहीच. −३, १ आणि २ ही मूल्ये घ्या. पहिली ओळ शून्य, ३ चे वर्गमूळ, −१ अशी घेतली तर हीच आयगेनमूल्ये येतात. आणि शून्य, १.५ चे वर्गमूळ, −२ अशी घेतली तरी हीच. दोन्ही मॅट्रिक्स अस्सल टोप्लिट्झ आहेत आणि चिन्हे बदलूनही एकीची दुसरी होत नाही. सममिती नसलेल्या अटी तर याहून दुबळ्या ठरतात. मॅट्रिक्समधली एकही संख्या ऋण नसावी, ही अट ऐकायला सोपी वाटते. सुलेइमानोव्हा यांनी १९४९ साली तो प्रश्न पुढे आणला, आणि पाच बाय पाचपासून त्याचे संपूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. कारण उघड आहे : समानतेची अट अज्ञाते कमी करते, असमानतेची अट नुसते कुंपण घालते.

या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा : आज संगणक हजारो अज्ञातांचे प्रश्न सोडवतो, मग सममितीचा एवढा विचार कशाला? संगणक एक उत्तर देईल, हे खरे. पण ते एकमेव आहे की दोनांपैकी एक, हे तो सांगणार नाही. वरच्या टोप्लिट्झ उदाहरणात सुरुवातीचा अंदाज बदलला तर तो दुसऱ्या उत्तरावर जाऊन थांबेल आणि दोन्ही वेळा चूक शून्य दाखवेल. शिवाय सममितीमुळे दोन आयगेनमूल्ये समान झाली की न्यूटनची नेहमीची रीत अडखळते, कारण त्या बिंदूपाशी आयगेनमूल्यांचे विकलनच करता येत नाही. दुसरा आक्षेप अभियंत्याचा : प्रत्यक्षातला कोणताही पूल किंवा पुडी काटेकोर सममित नसते. तेही खरे. सममित मॅट्रिक्समध्ये थोडा बदल झाला तर आयगेनमूल्ये फार तर तेवढ्याच मापाने हलतात, हा हेर्मान वाइल यांचा जुना निष्कर्ष इथे धीर देतो. पण तो सुलट्या दिशेचा धीर आहे. उलट्या दिशेने जाताना तीन गोळ्यांचे सूत्र आठवा : कर्णाबाहेरची संख्या दोन अंतरांच्या गुणाकाराच्या वर्गमुळातून येते. दोन आयगेनमूल्ये अगदी जवळ असतील तर मोजमापातली बारीकशी चूक त्या वर्गमुळात कितीतरी मोठी होऊन उतरते. म्हणून सममिती जवळपास आहे, एवढे म्हणून भागत नाही. किती जवळपास आहे आणि वर्णपटातली अंतरे किती आहेत, हेही लिहावे लागते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खोल आहे. वस्तू सममित आहे हे आपण गृहीत धरले. ते चुकीचे असेल तर? इथे होख्श्टाट-हाल्ड यांचे प्रमेयच आपल्याला सावध करते. कोणत्याही परस्परभिन्न संख्यांसाठी दोन्ही कर्णांभोवती सममित याकोबी मॅट्रिक्स मिळतेच, याचा दुसरा अर्थ असा की वर्णपट त्या सममितीला कधीही खोटे पाडू शकत नाही. रांग वाकडीतिकडी असली तरी मोजलेले आकडे घालून सूत्र एक देखणी, डावी-उजवीकडून सारखी रांग हातात ठेवेल, आणि ती साफ चुकीची असेल. यावर माझे उत्तर असे की या आक्षेपाने सममितीचे मोल कमी होत नाही, तिचे स्वरूप स्पष्ट होते. वर्णपट हा एक साक्षीदार आहे आणि सममिती हा दुसरा. दोन साक्षी स्वतंत्र असतील तरच त्यांना वजन असते. स्फटिकाची रचना क्ष-किरणांनी पाहिलेली असेल, पुलाचा आराखडा उपलब्ध असेल, पुडी डोळ्यांदेखत गोल कापलेली असेल, तर सममितीची साक्ष खरी. ती केवळ गणित सुटावे म्हणून उभी केलेली असेल, तर ती साक्ष पढवलेली आहे आणि तिच्यावर उभा असलेला निकालही तितकाच पोकळ.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने हाताशी कागद-पेन्सिल ठेवावी आणि प्रत्येक प्रमेयापाशी तीन प्रश्न लिहावेत : या सममितीने किती अज्ञाते कमी केली? त्याबदल्यात कोणते वर्णपट बाद केले? आणि ही सममिती आपल्याला कुणी सांगितली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गणित देईल. तिसऱ्याचे उत्तर वस्तूकडे पाहूनच मिळेल, आणि ते मिळाल्याशिवाय पहिल्या दोन उत्तरांवर विसंबून राहू नये.